काठोकाठ किंवा कोरडी

भावोजी,

हे तुम्ही वाचणार नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. पुढच्या गाडीच्या पाठीवर लिहिलेल्या मजकुराखेरीज तुम्ही जन्मात काही वाचलेलं नाही, आणि तेही शेजारी बसलेल्याला हसवायला, मोठ्याने. तरी लिहिते आहे. तुमच्याशी बोलायला बसलं की तुम्ही चहा टाकायला उठता, आणि चहा होईपर्यंत विषय निवलेला असतो. कागद निदान उठून जात नाही. लोक मला विचारतात, त्या दोघांचं त्या गाडीत नक्की झालं काय? वर उत्तरही त्यांचं तयारच असतं. कोणी म्हणतं ऊन बाधलं, कोणी म्हणतं म्हातारपणी नसते धंदे केले की असंच व्हायचं. म्हणून एकदा सगळं सरळ सांगून टाकते. तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची? तेव्हा इथून पुढे तुम्ही ‘तो’. तुमची बायको, म्हणजे माझी बहीण, ती ‘धाकटी’. आणि तुमची मेहुणी ती ‘थोरली’. स्वतःला वेगळं ताट वाढून घ्यायची मला सवय नाही.

तर, तो पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. मिसरूड फुटलेलं असताना चढला तो केस पिकल्यावर उतरला. शहराबाहेर पाणी भरायची जागा होती. तिथे पहाटेपासून टँकरची रांग लागायची. टाकीवर चढायचं, झाकण उघडायचं, वरचा जाड पाइप आत सोडायचा आणि वाट बघायची. बाकीचे ड्रायव्हर पाणी गळ्याशी आलं की ‘बस’ म्हणून ओरडायचे आणि खाली उतरून सिगरेट पेटवायचे. हा ओरडायचा नाही. झाकणातून पाणी उतू जाऊन बुटांत शिरलं, की मग शांतपणे हात वर करायचा. त्यावरून त्याचं नाव पडलं काठोकाठ. आईबापांनी ठेवलेलं नाव पुढे पगारापुरतं उरलं.

हा हट्ट उगीच नव्हता. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. त्याचा एक जोडीदार एका इमारतीत अर्धी टाकी रिकामी करून उरलेलं पाणी दुसरीकडे घेऊन निघाला. मोठ्या टाकीत पाणी डचमळू नये म्हणून आत पत्र्याचे आडवे पडदे असतात. त्या जुन्या टँकरचे पडदे गंजून गळाले होते आणि मालकाने ते परत बसवले नव्हते. वळणावर टँकर वळला, पण आतलं पाणी वळलं नाही. ते सरळ गेलं, आदळलं आणि परत आलं. दुसऱ्या हेलकाव्याला टँकर रस्त्यावर आडवा. काठोकाठ मागच्याच टँकरवर होता. काच फोडून त्यानेच जोडीदाराला ओढून काढलं. जोडीदार जगला, पण पुन्हा पायांवर उभा राहिला नाही.

त्या दिवसापासून त्याचा एकच नियम. टाकी काठोकाठ किंवा कोरडी. मधलं काही नाही. “उथळ पाण्याला खळखळाट फार, हे शाळेत शिकवतात,” तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा, “पण तो खळखळाट माणसाला चिरडतो, ते नाही शिकवत.” उरलेलं पाणी तो झाडांना सोडायचा, झाडं नसली तर गटारात सोडायचा. मालकाच्या शिव्या खायचा, बघणाऱ्यांचे तळतळाट घ्यायचा, पण अर्ध्या टाकीने फाटकाबाहेर पडायचा नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. त्यांच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने. टँकर कुठे जाणार ते मालक ठरवायचा, आणि मालकाच्या लेखी ती गल्ली जगाच्या नकाशावर नव्हती. धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी पिंप ठेवून होती. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला. अंघोळ चार मगांत, आणि केस धुवायच्या दिवशी सहा. पाहुणा पाणी मागायचा तर ती अर्धा पेला द्यायची. “प्या, मग हवं तर आणखी देते,” म्हणायची. बहुतेक पाहुण्यांना मग नको असायचं.

शेजारणी टोचायच्या. “काय गं, नवरा गावाला पाणी पाजतो आणि तू आमच्या मागे रांगेत?”

“आमच्याकडे पण येतं की पाणी,” धाकटी म्हणायची, “ह्यांच्या पँटच्या पायांतून. पिळून घेते रोज.”

शेजारणी हसायच्या, तीही हसायची. पण एका संध्याकाळी त्याने तिला न्हाणीघरातून बाहेर येताना बघितलं. मानेवर साबणाचा फेस तसाच होता. चौथा मग संपला होता आणि पाचवा तिने घेतला नव्हता. त्याने रुमालाने तो फेस पुसला आणि म्हणाला, “मी रिटायर झालो की तुझ्या एकटीसाठी एक टाकी. काठोकाठ. आणि मोजायचं नाही.”

“बघू,” धाकटी म्हणाली.

ती आयुष्यभर ‘बघू’ म्हणाली. तो विसरला मात्र नाही. रिटायर झाल्यावर त्याने एका बेकरीची जुनी डिलिव्हरी गाडी घेतली आणि तिचं चाकावरचं घर करायला घेतलं. पावाच्या फळ्या काढून तिथे पलंग बसवला, खिडक्या कापल्या, एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात उभ्याने मावेल एवढं न्हाणीघर, त्यालाच लागून संडास. किती रंग दिला, किती धुतली, तरी ऊन तापलं की गाडीला पावाचा वास यायचा. धाकटी म्हणायची, “या घरात कुणी जेवायला घातलं नाही तरी चालेल, श्वास घेऊन पोट भरतं.” पलंगाखाली त्याने प्लास्टिकची मोठी टाकी बसवली, आणि पाणी किती आहे ते दिसावं म्हणून बाहेरून काचेची उभी नळी. न्हाणीघरात शॉवर लावला. धाकटीने जन्मात स्वतःच्या घरात शॉवर बघितला नव्हता.

गाडी बघायला थोरली आली. थोरली कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि रिटायर झाली तरी शिकवायची थांबली नव्हती.

“किती लिटरची?” तिने टाकी ठोकून विचारलं.

“दोनशे.”

“दोन माणसांना? भावोजी, माणशी दिवसाला वीस-पंचवीस लिटर फार झालं. प्यायला, रांधायला, भांड्यांना, अंगावर घ्यायला, सगळं धरून. दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे नळ सापडतोच. शंभर भरा. लिटरला किलो वजन असतं. दोनशे लिटर म्हणजे तुम्ही दोघं आणि वर मी, एवढा बोजा घेऊन ही म्हातारी चढ चढणार?”

“ताई, तुम्हाला धरलं तर ही सपाटीवर पण नाही चालायची.”

धाकटी तोंडावर हात ठेवून हसली. थोरलीला राग आला नाही, कारण तिचा मुद्दा अजून संपला नव्हता. “मस्करी नको. अर्धी टाकी पुरते तर पूर्ण का न्यायची?”

“अर्धी डचमळते.”

“अहो, तुमच्या टँकरमध्ये दहा हजार लिटर होतं! ही टाकी नव्हे, थोराड बादली आहे. बादलीतलं पाणी हललं म्हणून कधी गाडी उलटलीय?”

“तुम्ही फळ्यावर शिकवलंत,” तो म्हणाला. “मी वळणावर बघितलं.”

“मग निदान आत पडदा तरी घालून घ्या,” थोरली म्हणाली. प्लास्टिकला पडदा कोण घालतं, असं पुटपुटत तो चहा टाकायला उठला.

ती दोघं निघाली. पहिला मुक्काम एका तळ्याकाठी होता. गाडी सावलीत उभी केली, आणि संध्याकाळी धाकटी न्हाणीघरात गेली. तो बाहेर घडीच्या खुर्चीवर बसला होता. आतून पाण्याचा आवाज सुरू झाला. त्याला वाटलं, आता थांबेल. थांबला नाही. मधेच बंद झाला, तेव्हा तो मनातल्या मनात म्हणाला, संपली हिची अंघोळ. पण साबण लावून झाल्यावर आवाज पुन्हा सुरू झाला आणि चांगला सुरूच राहिला. काचेच्या नळीत पाणी खाली उतरत होतं आणि तो त्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. धाकटी बाहेर आली ती बोटांची कातडी सुरकुतलेली, गाल लाल. ओले केस तिने त्याच्या अंगावर झटकले.

“मोजलंस?” त्याने विचारलं.

“काय मोजणार? त्याला मगच नाहीत,” ती म्हणाली.

ती संध्याकाळ त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

सकाळी निघायची वेळ झाली. नळीत पाणी निम्म्यावर होतं आणि जवळपास नळ नव्हता. तळ्याचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. त्याने खाली वाकून टाकीचा कॉक उघडला. भडाभडा पाणी मातीत जायला लागलं.

धाकटी अनवाणी खाली आली. “अहो! अहो, हे काय करताय?”

“अर्धी आहे. पुढे वळणं आहेत.”

“प्यायचं पाणी आहे ते!”

“पुढच्या गावात भरू की. काठोकाठ भरू. तुला काय कमी पडणार आहे का?”

“कमी पडायचा प्रश्न नाही हो.” तिचा आवाज चिरकला. “मातीत चाललंय.”

ती धावत आत गेली, पातेलं, थर्मास, दोन बाटल्या, दाढीचा मग, जे हाताला लागेल ते आणून धारेखाली धरायला लागली. तो कॉकपाशी उकिडवा बसून बघत राहिला. एवढं कशाला मनाला लावून घेते, त्याला कळेना. पिंपाच्या तळाशी हात घालून शेवटचा पेला काढणाऱ्या बाईसमोर आपण काय उघडलंय, हे त्याला उमगलं नाही. त्याला वळण दिसत होतं, तिला माती.

दोन-तीन मुक्कामी हेच झालं. मग धाकटीने तोडगा काढला. भांडून काही होत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं होतं. तिने हिशेब केला तो असा. टाकी अर्धी झाली तर हे सांडणार. अर्धी झालीच नाही तर? नळीत पाणी बोटभर उतरलं तर हे कुठल्यातरी हॉटेलातून दोन डबे आणून वर ओततात, ‘झाली काठोकाठ’ म्हणतात आणि गाडी चालू करतात. म्हणजे पाणी वाचवायचं तर ते वापरायचंच नाही.

शॉवर बंद झाला. “थंडी वाजते,” तिने सांगितलं. मग “आज कंटाळा आला.” मग ओल्या फडक्याने अंग पुसायला लागली. भांडी कागदाने पुसून ठेवायची. आणि प्यायची घोट घोट. तसंही गाडीतल्या संडासात जायचं तिला जिवावर यायचं. दार पुठ्ठ्याएवढं पातळ आणि नवरा हातभर अंतरावर. त्यामुळे पाणी कमी प्यायला तिला एक सोडून दोन कारणं मिळाली. ऊन वाढत होतं. गुडघेदुखीच्या गोळ्या ती सकाळ-संध्याकाळ घेत होती, त्याही अर्ध्या घोटाबरोबर.

आणि तो? तो खूश होता. रोज सकाळी नळी बघायचा आणि म्हणायचा, “बघ, ताई म्हणत होत्या शंभर भरा. दोनशे नेलं म्हणून तर पुरतंय. कालपासून बोटभर सुद्धा उतरलं नाही.”

“हो ना,” धाकटी म्हणायची.

एका दुपारी, उघड्या माळावरच्या लांब रस्त्यावर, ती बोलेनाशी झाली. आधी त्याला वाटलं झोपली. मग तिने काहीतरी विचारलं, पण ते शब्द एकमेकांना धरून नव्हते. पिंप भरलं का, असं काहीसं. त्याने गाडी बाजूला घेतली. तिचे ओठ फाटले होते. कपाळ तापलं होतं, आणि त्यावर घामाचा थेंब नव्हता. त्याने पेला भरून तिच्या तोंडाला लावला. घोटभर आत गेलं आणि तसंच बाहेर आलं.

दवाखाना चढावरच्या गावात होता. म्हातारी पावाची गाडी चढाला लागली आणि रडायला लागली. पहिला गिअर, तरी सरकेना. दोनशे किलो पाणी पलंगाखाली आणि त्याच पलंगावर ती. त्याने ब्रेक लावला, खाली उतरला आणि कॉक उघडला. पण टाकी कोरडी होईपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. गाडी सरकण्याएवढं पाणी जाताच, कॉक उघडा टाकून तो तसाच निघाला. मागे रस्त्यावर पाण्याची रेघ उमटत होती आणि आत टाकी रिकामी होत होती. पाऊण झाली, मग अर्धी. अर्ध्या टाकीने तो वळणं घेत होता, एकामागून एक, जोरात. स्टिअरिंगवर त्याचे हात त्या हेलकाव्याची वाट बघत होते. जोडीदार आडवा झाला तेव्हापासून तो त्याचीच वाट बघत आला होता.

हेलकावा आलाच नाही. गाडी जराही डगमगली नाही. पलंगाखाली थोडं डुबुक डुबुक वाजलं, बादलीत वाजतं तेवढंच.

दवाखान्याच्या फाटकात त्याने कॉक बंद केला. हाताची सवय, दुसरं काय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. “बाई पाणी किती पीत होत्या?”

“टाकी भरलेली होती, मॅडम,” तो म्हणाला.

“टाकीचं नाही विचारलं मी, काका. त्या किती पीत होत्या?”

टाकीत किती होतं ते तो कोणत्याही क्षणी सांगू शकला असता. हे त्याला माहीत नव्हतं. कॉटवरून धाकटी पुटपुटली, “सांडतात हो ते.” डॉक्टरीणबाईंना वाटलं, ती भ्रमात आहे.

ती त्या वेळी वाचली. पण मूत्रपिंडं आधीच दुबळी होती, आणि गोळ्या, ऊन, कोरड या सगळ्यांनी मिळून ती कामातून गेली. घरी आल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता शरीराबाहेर पाणी टाकायची ताकद उरलेली नाही, तेव्हा प्यायचं पाणी मोजून द्यायचं. औषधाबरोबरचं, चहातलं, सगळं त्यात धरून. एक थेंब जास्त नको.

ज्याने ‘मोजायचं नाही’ असा शब्द दिला होता, तो आता ओट्यापाशी उभा राहून, चष्मा लावून, औषधाच्या मापाने बायकोचं पाणी मोजायला लागला. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी काढून ठेवायचा. संध्याकाळ व्हायच्या आत ती संपायची. मग ती हात पुढे करायची आणि तो नाही म्हणायचा.

“एवढंसं. जीभ ओली होईल.”

“डॉक्टर रागावतील.”

“डॉक्टर काय इथे बसलेत?” मग म्हणायची, “बाई बाई, टँकरवाल्याशी लग्न केलं मी!” आणि ती हसायची. त्याला ते हसणं ऐकवायचं नाही. तो चहा टाकायला उठायचा आणि मग आठवायचं, की चहाही मोजायचा आहे.

थोरली त्या दिवसांत रोज यायची. तिने त्याला एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यांना कळेल. एका दुपारी धाकटी उशीला टेकून म्हणाली, “मला परत त्या तळ्यावर न्या. अंघोळ करायची आहे. प्यायला नाही देत ना, नका देऊ. अंगावर घ्यायला तर कुणाची बंदी नाही?”

तो खाली गेला. गाडी दाराशीच उभी होती. नळीत पाणी निम्म्यावर होतं, दवाखान्याच्या फाटकात थांबवलेलं, तसंच. तिथून घरापर्यंत तो त्या अर्ध्या टाकीनेच आला होता, सगळी वळणं घेत. वर येऊन त्याने थोरलीला जिन्यात गाठलं.

“ताई, ती पडद्याची टाकी. कोण करून देतं?”

“आता कशाला? आता तर बघितलंत ना, काही होत नाही ते.”

“बघितलं हो,” तो म्हणाला. “पण तिला दाखवायचंय. अर्धी ठेवूनच निघायचं, आणि सांडायचं नाही. मी नुसतं तोंडाने म्हटलं तर ती ‘बघू’ म्हणेल. पडदा बघितला तर विश्वास बसेल तिचा. तुम्ही चला बरोबर. पडदा कुठे हवा ते मला टाकी करणाऱ्याला सांगता यायचं नाही. तुम्ही चित्र काढा.”

थोरलीने चित्र काढलं. जुन्या बाजारामागे एक टाकीवाला होता, पत्र्याच्या टाक्या हव्या त्या मापात करून द्यायचा. त्याला निरोप गेला, तो ‘या’ म्हणाला, दिवस ठरला. त्या दिवसाच्या आधीच, एका पहाटे, धाकटी गेली. बाटलीत आदल्या दिवसाचं दोन घोट पाणी उरलं होतं. तिनेच उरवलेलं.

तर भावोजी, हे असं झालं. लोकांनी आता ऊन आणि म्हातारपण यांना दोष द्यायचं थांबवावं. तुम्हालाही मी दोष देत नाही. दिला तर तुम्ही चहा टाकायला उठाल.

गाडी अजून दाराशीच आहे. काल येताना बघितली. नळीतलं पाणी हिरवं झालंय, शेवाळ धरलंय, पण आहे निम्म्यावरच. तुम्ही भरत नाही आणि सोडतही नाही. ते चित्र माझ्या पर्समध्ये आहे, चष्म्याच्या घराखाली, घडी उसवत आलेलं. परवा बाजारात तो टाकीवाला भेटला. म्हणाला, “बाई, माप घेऊन येणार होतात ना तुम्ही?” मी म्हटलं, “येऊ.” त्याच्याकडे आपलं जायचं राहिलंच.